करंट की पेट्रोल?

थंड असताना ती एका सेल्फमध्ये सुरू होते. आवाज स्वच्छ, धूर नाही, कुठे मिसिंग नाही. शेतघराच्या फाटकातून निघून पडघ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक चालतं. मग पंधरा-वीस मिनिटं होतात, इंजिन पुरतं तापतं आणि काहीही चाहूल न देता गाडी बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी ठेवली की पुन्हा एका सेल्फमध्ये सुरू.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘बिघाड’ हा विषय दिला, तेव्हा खरंखुरं यंत्र, त्यातला खराखुरा दोष आणि तो शोधणारा माणूस बघायचा, एवढंच मी ठरवलं. डोंबिवलीच्या एका परिचितांकडे अशी गाडी असल्याचं ऐकून होतो. ती खडवलीला असते. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळ्यानंतर हे स्टेशन लागतं. भातसा नदी जवळून वाहते आणि पावसाळ्यात रविवारी नदीकाठी शहरातली गर्दी लोटते. कल्याण-डोंबिवली-ठाण्यातल्या लोकांनी या पट्ट्यात शेतघरं बांधली आहेत. सोसायटीत एका गाडीला जागा मिळताना मारामार, तिथे दुसरी हौसेची गाडी कुठे ठेवणार? ती इथे येते आणि पत्र्याच्या शेडखाली उभी राहते.

ही उभी राहण्याची गोष्ट महत्त्वाची आहे. जुनी गाडी चालून जेवढी झिजते त्याहून जास्त ती उभी राहून बिघडते, हे मला खडवलीत पटलं. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने हवा ओली. तांब्याच्या तारेवर, वायरीच्या टोकाच्या पितळी थिंबलवर, फ्यूजच्या पकडीवर हिरवट थर चढतो. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. उंदरांना सीटखाली उबदार जागा मिळते आणि कुरतडायला वायरी असतातच.

गोव्यात बनलेली स्पोर्ट्स कार

गाडी आहे सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आली. कंपनी बंगळुरूची, कारखाना गोव्यात. दोन दारं, उघडणारं छप्पर, फायबरग्लासची बॉडी आणि पुढे रेनोचं ११४९ सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं इंजिन. युरोपात हेच इंजिन ट्विंगो आणि क्लिओसारख्या घरगुती गाड्यांत होतं. आकड्यांनी कुणी दचकणार नाही. पण आपल्याकडे रस्त्यावर मारुती ८०० आणि पद्मिनी असताना गोव्यात कुणी दोनच माणसांसाठी, वारा खात जायची गाडी बनवत होतं, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. अशा गाड्या फार थोड्या बनल्या, त्यामुळे त्यांचे सुटे भाग कुठल्या दुकानात रांगेने लावून ठेवलेले नसतात.

मालक पन्नाशीकडे झुकलेले. कॉलेजात असताना त्यांनी ही गाडी रस्त्यावर पाहिली आणि नोकरी लागून बरीच वर्षं गेल्यावर जुनी विकत घेतली. कायद्याच्या दृष्टीने तिची अवस्था मधलीच आहे. १५ वर्षांनंतर आरटीओत फेरनोंदणी, पर्यावरण कर, फिटनेस हे सगळं लागतं. २०२१च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून मान मिळायला मात्र ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. मधली ३५ वर्षं गाडी फक्त जुनी असते. याच काळात बहुतेक गाड्या भंगारात जातात, आणि बहुतेकदा कारण असतं एखादा न सापडलेला दोष.

मी जाण्याआधी या दोषावर बराच खर्च झाला होता. पेट्रोल पंप नवा, प्लग नवे, बॅटरी नवी, फिल्टर नवा. दरवेळी गाडी चार दिवस चालली आणि पुन्हा तशीच बंद पडू लागली.

आधी प्रश्न, मग पाना

दोष शोधायला आले ते कल्याणचे जुने मिस्त्री. साठी उलटलेली. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पद्मिनी टॅक्स्यांवर हात बसला, पुढे मारुतीबरोबर इंजेक्शनची इंजिनं शिकले. आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडलं नाही. शेडबाहेरच्या ओट्यावर बसून मालकांना विचारत राहिले.

“बंद पडते तेव्हा झटके देऊन पडते की एकदम?”

“एकदम, भाऊ. चावी फिरवल्यासारखी.”

“आरपीएमचा काटा बघितला कधी? गाडी अजून धावतेय, गिअरमध्ये आहे, तेव्हा काटा हळूहळू उतरतो की झटक्यात शून्यावर?”

मालकांनी आठवून सांगितलं, “शून्यावर. पण कधीकधी वेगळंही होतं. चढाला दम लागल्यासारखी ओढत नाही, मग पुन्हा बरी होते.”

भाऊंनी ही दोन वाक्यं दोनदा वदवून घेतली. पुढचं सगळं काम या दोन वाक्यांवर उभं होतं, हे मला नंतर समजलं. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन धापा टाकतं, झटके देतं, रडत रडत बंद पडतं. प्लगला ठिणगी देणारा करंट गेला तर ते एका क्षणात मरतं. इंजिन फिरत असूनही काटा झटक्यात शून्यावर येत असेल, तर फिरण्याची खबरच कुठेतरी तुटते आहे. इथे दोन्ही लक्षणं होती. सगळे आजवर त्यांना एकच बिघाड समजत आले होते. भाऊ म्हणाले, “हे दोन दोष आहेत. एकमेकांच्या आड लपलेत.”

पद्मिनीच्या शाळेत

‘करंट की पेट्रोल?’ हा प्रश्न मुंबईच्या गॅरेजांत पिढ्यान्पिढ्या विचारला गेला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, ही या शिक्षणाची मोठी शाळा होती. तिच्यात दोन्ही व्यवस्था एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या कॅमशाफ्टने हलणारा, पातळ पडद्याचा. करंटची बाजू म्हणजे कॉइल, डिस्ट्रिब्युटर, त्यातले पॉइंट आणि कंडेन्सर. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरायची, सेल्फ मारायचा, ठिणगी निळी की पिवळी ते बघायचं. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सोडायचा, धार येते का बघायचं. दोन मिनिटांत निम्मी गाडी संशयातून मोकळी.

उन्हाळ्यात कसारा घाटात किंवा खंडाळ्याला बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकणारे ड्रायव्हर अनेकांनी पाहिले असतील. त्यामागे सरळ भौतिकशास्त्र होतं. इंजिनावर बसलेला पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी होतो, वर इंजिनाची धग, मग पाइपातच पेट्रोलची वाफ होते. पंपाला द्रव ढकलता येतो, वाफ नाही. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि पंप पुन्हा पेट्रोल पकडतो.

इंग्रजी स्पोर्ट्स गाड्यांचं, म्हणजे एमजी, ट्रायम्फ यांचं शास्त्र थोडं वेगळं. त्यांची वायरिंग बहुधा लुकासची. रंगांची भाषा ठरलेली: तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी चावीनंतरची, हिरवी फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. ही भाषा येणाऱ्याला अनोळखी गाडीही वाचता येते. त्यातल्या जुन्या गाड्यांत तर बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. एमजीबीसारख्या गाडीत १९६७मध्ये ते उलटं झालं. हे न बघता नवा रेडिओ बसवला तर तो जळायचा.

टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिच्याबरोबर क्रमाने विचार करायची ही तालीमही ओसरते आहे, याची मला खंत आहे. आजच्या वर्कशॉपात स्कॅनर लावला की तो दोषाचा क्रमांक दाखवतो आणि त्याप्रमाणे भाग बदलला जातो. स्टॉर्मला ती सोय नाही. भारतात गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. ही गाडी त्याच्या बरीच आधीची. बाजारातला कुठलाही स्कॅनर हिच्याशी सहज बोलत नाही. उरतं मल्टिमीटर, प्रेशर गेज, बारा व्होल्टचा बल्ब आणि डोकं.

फायबरची बॉडी आणि अर्थ

लोखंडी गाडीत बल्बला, पंपाला, हॉर्नला एकच वायर जाते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. फायबरग्लासमधून करंट वाहत नाही. म्हणून १९५३च्या पहिल्या कॉर्व्हेटपासून पुढे ज्या ज्या गाड्यांना फायबरची बॉडी मिळाली, त्या सगळ्यांत प्रत्येक वस्तूला अर्थची वेगळी वायर ओढून चासीच्या लोखंडापर्यंत न्यावी लागली. वायरी दुप्पट, जोड दुप्पट. फायबर गंजत नाही म्हणून लोक खूश असतात. पण त्याखाली दडलेला अर्थचा बोल्ट गंजतोच, आणि तो दिसत नाही.

भाऊंनी चढावर दम लागण्याचा दोष आधी हातात घेतला. बॅटरी काढून, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवून, पेट्रोलच्या पाइपात टी बसवून गेज लावलं. या कामात घाई करणाऱ्याला ते जवळ उभंही राहू देत नाहीत. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाइपातला दाब तीन-चार पीएसआय असतो, म्हणजे बोटाने दाबला तरी थांबतो. स्टॉर्मसारख्या इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण तीन बार, म्हणजे दहापटीहून जास्त. सैल क्लिपमधून उडालेला फवारा गरम एक्झॉस्टवर पडला तर गाडी वाचत नाही.

इंजिन मंद चालू असताना दाब ठीक होता. अॅक्सिलेटर दिल्यावर काटा दोनच्या खाली घसरू लागला. पंप तर नवा. पंपाच्या प्लगवर मीटर लावल्यावर १०.६ व्होल्ट दिसले. त्याच वेळी बॅटरीवर १३.८ होते.

“तीन व्होल्ट कुणीतरी खातंय,” भाऊ म्हणाले.

ते शोधायची पद्धत मला फार आवडली. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी पंपाच्या अर्थवर, आणि पंप चालू. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसले २.६ व्होल्ट. धन बाजूचा सगळा रस्ता मिळून ०.६. म्हणजे चोर अर्थच्या बाजूला. पंप साधारण पाच अँपिअर घेतो. त्या हिशेबाने त्या जोडात अर्धा ओहम अडथळा होता. एवढासा अडथळा साध्या मीटरने मोजायला गेलं तर कळतही नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींतच तेवढी गडबड असते. आणि पंप काढून वायरीवर नुसते व्होल्ट बघितले तर पूर्ण बारा दिसतात. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, इमारतीतल्या सगळ्यांनी एकदम नळ उघडले की खरं कळतं, तसंच हे. म्हणून भाऊ अशा ठिकाणी मीटरवर विसंबत नाहीत. हेडलाइटचा जुना बल्ब लावतात. शंभर तारांतली एकच तार शिल्लक असेल, तर मीटर फसतं आणि बल्ब पिवळा पडतो.

डिकीतला गालिचा उचलला, मागच्या कोपऱ्यात चासीला लावलेला बोल्ट सापडला. त्यावर चार थिंबल एकावर एक, मध्ये हिरवी भुकटी. बोल्ट काढला, लोखंड चकाकेपर्यंत घासलं, नवी थिंबल दाबून बसवली, वरून व्हॅसलीन. पंपावर आता १३.१ व्होल्ट. गेजचा काटा जागचा हलेना. खर्च म्हणाल तर एका बोल्टचा आणि थिंबलचा. नवा पंप उगीच बदलला गेला होता.

दोन्ही गेलं तर वर बघ

पण गाडी गरम होऊन बंद पडण्याचा दोष शिल्लक होता, आणि भाऊंना तो शिल्लक राहणार हे ठाऊकच होतं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, मग गाडी तपासायची, हा त्यांचा नेम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी कशाने झाली ते कधीच कळत नाही.

शेडमध्येच इंजिन चालू ठेवलं. दुपारच्या उन्हात पत्रा तापलेला, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबला, आणि गाडी मेली. इथे सगळे धावपळ करतात, भाऊंनी सोबतच्या पोऱ्याला सेल्फ मारायला सांगितला. प्लगला ठिणगी नाही. आणि सेल्फ फिरत असताना मागच्या पंपाचा गुंजनही नाही.

करंट नाही आणि पेट्रोलही नाही. एकाच क्षणी पंप आणि कॉइल दोघेही मरतील, हे जवळपास अशक्य. म्हणजे दोघांना हुकूम देणारं जे वर बसलंय, त्याच्याकडे बघायचं. इंजेक्शनच्या गाडीत तो हुकूम कंट्रोल युनिट देतं, आणि इंजिन खरोखर फिरतंय अशी खात्री पटल्याशिवाय ते पंप चालू ठेवत नाही. अपघातानंतर इंजिन थांबल्यावर पंप पेट्रोल ओकत राहू नये म्हणून केलेली ही रास्त सोय आहे. इंजिन फिरतंय हे त्याला कळतं एका छोट्या सेन्सरमुळे. फ्लायव्हीलच्या दातांजवळ तारेचं वेटोळं आणि चुंबक. दात समोरून गेले की त्यात हलका करंट उमटतो. काही दात मुद्दाम गाळलेले असतात, त्यावरून पिस्टन कुठे आहे ते समजतं. हा सेन्सर मुका झाला की ठिणगीही थांबते आणि पंपही. आरपीएमचा काटाही त्याच खबरीवर चालतो, म्हणून तो झटक्यात शून्यावर. आधी ज्यांनी कुणी तपासलं त्यांनी पंपाचा आवाज येत नाही एवढंच ऐकलं आणि पंप बदलला.

मालकांनी आधीच सगळं सांगून टाकलं होतं, हे इथे माझ्या लक्षात आलं.

सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, गरम जागी. त्याचा प्लग काढून मीटर लावला. वेटोळं तुटलेलं, वाचन काहीच नाही. अर्ध्या तासाने तेच वेटोळं सव्वादोनशे ओहमच्या आसपास आणि गाडी सुरू. तरी भाऊंचं समाधान होईना. सेन्सर बाहेर काढून त्यांनी त्यावर मालकांच्या घरातला हेअर ड्रायर धरला. मीटरचा आकडा हळूहळू चढला आणि एकदम नाहीसा झाला. ओल्या फडक्यात गुंडाळल्यावर परत आला. त्यांनी हे पुन्हा करून दाखवलं, मग म्हणाले, “आता पैसे खर्च करा.” आत कुठेतरी केसाएवढ्या तारेचा जोड वर्षांच्या तापण्या-निवण्याने सुटला होता. थंड असताना टेकतो, तापून पसरला की सुटतो.

सुटा भाग मिळवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत जावं लागेल असं वाटत होतं. पण २००७मध्ये महिंद्रने नाशिकच्या कारखान्यात रेनोची लोगान बनवायला घेतली, आणि तिच्या पेट्रोल इंजिनालाही याच जातीचा सेन्सर लागतो. तो कल्याणमध्येच मिळाला.

टाकीतलं नवं संकट

हे सगळं आवरत असताना भाऊंनी टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवायला सांगितलं होतं. सकाळी तळाशी धूसर थर. फेब्रुवारी २०२३मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं आणि दोन-अडीच वर्षांत ते देशभर नेहमीचं झालं. उसाला त्यातून मागणी मिळते, तेलाची आयात कमी होते, हे खरं. पण त्यापूर्वीच्या गाड्यांसाठी त्याचे परिणाम गंभीर आहेत आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. अर्धी भरलेली टाकी ओल्या शेडमध्ये महिनोन्‌महिने उभी राहिली की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंपाचं तोंड नेमकं तिथेच असतं. शिवाय जुन्या रबराचे पाइप फुगतात, मऊ होतात, आतून सोलवटतात. ते कण फिल्टर आणि इंजेक्टर चोंदवतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ पडतं, कारण इथेनॉल जाळायला हवा कमी लागते आणि जुना जेट पेट्रोलच्या हिशेबाने कातलेला असतो.

उपाय आहेत. टाकी रिकामी करून धुतली. पाइप बदलले, तेही ‘जे३०आर९’ असा छाप असलेले, इंजेक्शनच्या दाबाला आणि इथेनॉलला टिकणारे. दुकानदार साधा काळा पाइप पुढे करतो, तो वर्षभरात चिरतो. पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवायची म्हणजे आत ओली हवा कमी, आणि दर पंधरवड्याला गाडी अर्धा तास खरोखर चालवायची. शेडमध्ये नुसतं इंजिन चालू करून पाच मिनिटांत बंद करणं वाईट. त्याने एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं आणि बॅटरी भरत नाही.

गाडी दुपारच्या उन्हात हायवेने शहापूरपर्यंत जाऊन आली. आसनगावजवळ वाहतूक खोळंबली, काटा गरमीकडे सरकला, पंखा लागला, इंजिन चालत राहिलं. मालक फार काही बोलले नाहीत, पण गाडी त्यांनी मुद्दाम चढाच्या रस्त्याने परत आणली.

भाऊंना अजून एक तक्रार आठवत होती: आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. चावी काढून, दारं लावून त्यांनी अँमीटर बॅटरीच्या वायरीत मध्ये जोडला. १८० मिलिअँपिअर. पन्नासच्या आत हवेत. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी या गळतीने दहा दिवसांत रिकामी होईल, सेल्फ त्याआधीच बोलायचा बंद होईल. एकेक फ्यूज उपसत गेले. सहाव्याला आकडा ३० वर आला. त्या फ्यूजवर डिकीचा दिवा, टेप आणि नंतर कुणीतरी जोडलेली एक बिननावाची लाल वायर आहे. ती वायर डॅशबोर्डखाली नाहीशी होते.

फ्यूज मालकांच्या हातावर ठेवून भाऊ म्हणाले, “हा तोवर बाहेर राहू दे, साहेब. डिकीला दिवा नसला तर चालेल. पुढच्या वेळी या लाल वायरीपासून सुरू करू. आणि तोपर्यंत टेपवाल्याला बोलावू नका.”